सोपाऱ्याची सहल : विहारयात्रा आणि धम्मयात्रा



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार, तीत तुम्हीही चार ओळी लिहा, असा तरुण मंडळींनी आग्रह धरला. आम्ही पडलो पेपर मिलमधले कामगार. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काय शिक्षण झालं ते रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा पंडितांसारखं लिहिता येणार नाही. परंतु गेल्या वर्षी विहारातर्फे सोपाऱ्याला सहल गेली होती, तिचा वृत्तांत आणि तिथला इतिहास कुणीतरी लिहून ठेवायला हवा होता. बसमध्ये पन्नास माणसं मावली, वस्ती त्याहून कितीतरी मोठी आहे. जे आले नाहीत त्यांच्यासाठी मुख्यत: हे लिहीत आहोत.

खरं म्हणजे सुरुवात सोपाऱ्यापासून झाली नाही, चीनपासून झाली. आपल्या वस्तीतला एक मुलगा कंपनीच्या कामासाठी चीनला गेला होता. परत आल्यावर पौर्णिमेच्या वंदनेनंतर त्याने मोबाईलवर तिकडचे फोटो दाखवले. शिआन नावाचं शहर. जुनं नाव छांगआन, तांग घराण्याची राजधानी. शहराभोवती जुना तट, आणि एक सात मजली विटांचा मनोरा. लोक तिकीट काढून तो मनोरा बघतात, वर चढतात, फोटो काढतात. मुलाला मनोऱ्याची फार माहिती नव्हती. आम्ही वाचलेलं होतं ते सांगितलं, की हा मनोरा इ.स. ६५२ साली ह्युएनत्संग या भिक्खूने उभारून घेतला. हिंदुस्थानातून त्याने जे ६५७ ग्रंथ नेले ते सुरक्षित राहावेत म्हणून. जाऊन-येऊन त्याला सोळा-सतरा वर्षं लागली, इ.स. ६४५ मध्ये तो घरी पोचला. त्याच्या आधी त्याच शहरातून इ.स. ३९९ मध्ये फाहियान निघाला होता, तेव्हा त्याचं वय साठीच्या आसपास होतं. (पन्नाशी उलटली म्हणून ज्यांचे गुडघे मीटिंगच्या दिवशीच दुखतात त्यांनी याची नोंद घ्यावी.)

तेव्हा आपल्या वस्तीतल्या एक आजी म्हणाल्या, "बाबा, तो एवढ्या लांबून हितं बघाय आला, आन् आपन हितं राहून काय बघितलं?"

आम्ही म्हणालो, "कान्हेरी बघितली, कार्ला बघितलं, अजिंठ्याला गेलो."

"ती लेनी झाली, डोंगरातली. त्या लेन्यांना पैसं देनारी मानसं कुठं ऱ्हायची? त्यांचं गाव कुठं हाय?"

आम्ही गप्प झालो. ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तो इ.स. ६४१ च्या सुमारास, पुलकेशी राजाच्या काळात. शंभरावर संघाराम, पाच हजारांच्या आसपास भिक्खू, राजधानीच्या आत-बाहेर अशोकाने बांधलेले पाच स्तूप, असं त्याने लिहून ठेवलं. हे आम्ही भाषणात अनेकदा सांगितलं असेल. परंतु आजींनी विचारलं ते कधी मनात आलं नव्हतं. लेणी भिक्खूंची, हे खरं. पण लेण्यातले खांब, पाण्याची टाकी, बसायचे ओटे हे सगळं दान कुणी दिलं? व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, सुतारांनी, खलाशांनी, घरातल्या बायकांनी. ही माणसं नगरात राहणारी. आपण दरवर्षी लेण्याला जातो, नगराला कधी जात नाही.

आणि असं नगर आपल्यापासून बसने दोन-तीन तासांवर आहे. सोपारा. ज्याचं नाव घेताच आज लोकांना लोकलची गर्दी आठवते तेच नालासोपारा. नाळे आणि सोपारे ही दोन गावं, त्यांचं मिळून स्टेशनचं नाव. आम्ही स्वत: तरुणपणी नातेवाइकांकडे म्हणून त्या स्टेशनावर कितीतरी वेळा उतरलो आहोत. स्तूप पश्चिमेला काही मिनिटांवर आहे हे ठाऊक नव्हतं. आमच्या वाचनाची ही शोभा!

मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मतभेद झाले. तरुणांना वॉटर पार्क पाहिजे होता. महिला मंडळाला महाबळेश्वर. एकजण स्पष्टच बोलला, "काका, वर्षात एक रविवार मिळतो, त्यात पण भाषण?" त्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. आम्हीही मिलमध्ये राबलेली माणसं, सुट्टीची किंमत आम्हाला कळते. शेवटी तडजोड झाली : सकाळी सोपारा, दुपारी राजोडीचा समुद्र.

पहाटे साडेपाचला बस निघाली. निघण्याच्या आधी ड्रायव्हरने चाकापुढे नारळ फोडला, लिंबू ठेवलं. आपल्या एका कार्यकर्त्याने हरकत घेतली, की ही विहाराची सहल आहे, हे चालणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, गाडी माझी, जीव तुमचा." वातावरण जरा तापलं. शेवटी एका ताईंनी फुटलेल्या नारळाची भकलं उचलून मुलांना वाटली आणि बस हलली. हा किस्सा मुद्दाम लिहितो आहोत, पुढे त्याचं काम आहे.

कळंबोली, ठाणे, घोडबंदर अशी बस चालली. वाटेत माईक हातात घेऊन आम्ही सोपाऱ्याचा इतिहास सांगितला तो थोडक्यात असा.

जुन्या ग्रंथांत याचं नाव सुप्पारक किंवा शूर्पारक. अपरान्ताचं, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचं मोठं बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात, आणि नंतर टॉलेमीच्या भूगोलात, त्याचं नाव येतं. सिंहलद्वीपाच्या महावंसात विजय राजपुत्राचं जहाज लंकेला पोचण्याआधी सुप्पारकला लागलं असं लिहिलं आहे. बाहिय नावाचा एक माणूस जहाज फुटून या किनाऱ्याला लागला, झाडाच्या साली नेसून राहिला, आणि मग बुद्धांना भेटायला थेट श्रावस्तीपर्यंत गेला. कोकणातून श्रावस्ती! आज रेल्वेनेसुद्धा रात्र आणि दिवस जातो.

पण आमच्या मते सोपाऱ्याचा खरा माणूस म्हणजे पुण्ण. मराठीत पूर्ण म्हणतात. इथला व्यापारी. मालाचे तांडे घेऊन श्रावस्तीला गेला, तिथे बुद्धांचा उपदेश ऐकला आणि भिक्खू झाला. मग त्याने आपल्या मुलखात परत जायची परवानगी मागितली. तो प्रसंग पुण्णोवाद सुत्तात आहे. बुद्धांनी विचारलं, तिथली माणसं फार रागीट, तुला शिव्या देतील तर? पुण्ण म्हणाला, मारत तर नाहीत, चांगलीच माणसं म्हणेन. हाताने मारलं तर? दगड तर नाही मारला. असं करत करत प्रश्न थेट जीव घेण्यापर्यंत जातो, आणि पुण्ण डगमगत नाही. मग बुद्धांनी त्याला जायला सांगितलं. त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्याने तयार केल्या असं सुत्त सांगतं. म्हणजे उपासिका निम्म्या! आपल्या विहाराच्या कमिटीत किती आहेत ते पाहावं. आम्ही युनियनच्या काळात गेटवर उभं राहून पत्रकं वाटली आहेत. लोक तोंडावर दार लावतात तेव्हा माणसाला कसं वाटतं हे ठाऊक आहे. म्हणून पुण्ण आम्हाला जवळचा वाटतो. पुढे तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी देशोदेशी धर्मप्रचारक पाठवले, त्यात अपरान्ताला धम्मरक्खित थेर आले. ते यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे. परदेशी माणूस येऊन कोकणात धम्म सांगतो, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सोपाऱ्याच्या लोकांची दानं दूरवर सापडतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणक भिक्खूने अस्थीसह एक खांब दान दिला, तसा लेख त्याच खांबावर आहे. आपण खोपोलीवरून घाट चढून कार्ल्याला कितीदा गेलो, त्या खांबाला टेकून फोटोही काढले असतील. आणि जुन्नरच्या वाटेवर नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे दगडात खोदलेलं टाकं. घाट चढून दमलेल्या वाटसरूला पाणी मिळावं म्हणून. हे ऐकताच मागच्या सीटवरून एक बाबा म्हणाले, "आनि आमच्या आज्याला महाडला तळ्याचं पानी प्यायला सत्याग्रह कराय लागला!" बस एकदम शांत झाली. २० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. पण त्याच कोकणातल्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी घाटावर वाटसरूंच्या पाण्याची सोय केली होती, हे कुणी आपल्याला शाळेत सांगितलं नव्हतं. आम्ही पुढचं भाषण थोडा वेळ थांबवलं.

नऊच्या सुमारास पोचलो. नालासोपारा आज इमारतींनी भरून गेलं आहे. त्यात झाडांमधला हा तुकडा राहिला आहे, कुंपण घातलेला, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. मधोमध विटांचा स्तूप. सांचीचा फोटो डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्याची निराशा होते हे आधीच सांगून ठेवतो. वर सुबक घुमट नाही, तोरण नाही. विटांचा ढिगारा म्हणावा असं रूप. गावकरी या जागेला बुरुड राजाचा कोट म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणणारा बुरुड. शूर्पारकाचं नाव लोकांच्या जिभेवर असं उरलं असावं असं आम्हाला वाटतं. ते काही असो, लोकांनी राजा केला तो बुरुडाला केला, हे आम्हाला आवडलं.

या टेकाडाच्या आत काय आहे हे १८८२ साली कळलं. खणणारा माणूस पंडित भगवानलाल इंद्रजी. यांची माहिती आपल्या मुलांनी जरूर वाचावी. जन्म १८३९, जुनागढ. गावाशेजारी गिरनारचा अशोकाचा शिलालेख. ब्राह्मी लिपी वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेपला १८३७ साली सापडली होती. या मुलाने अक्षरांचा तक्ता मिळवून स्वत:च्या स्वत: ती लिपी शिकली. कॉलेज नाही, पदवी नाही. पुढे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी गावोगाव, डोंगरोडोंगर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. १८८४ साली हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आमच्यासारख्या नववी पास माणसाला असा माणूस भेटला की छाती जरा फुगते.

त्यांनी स्तूपाच्या मध्यावर खोदलं तेव्हा दगडाची मोठी गोल पेटी लागली. आत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती गोलाने बसवलेल्या बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, स्फटिकाच्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुलं. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपलेले. सोन्याच्या आत माती. आम्ही हे तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प झाली.

त्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे काळ दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. पण त्या आठ मूर्ती त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी घडवलेल्या. याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी स्तूप उघडला, डागडुजी केली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. इतकी शतकं या गावात जपणारी माणसं होती. पुढे खाडी गाळाने भरली, बंदर मागे पडलं, वसईचं महत्त्व वाढलं, आणि स्तूपाचा कोट झाला. तो करंडक आणि मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आता आमची चूक सांगतो. बसमध्ये आम्ही मोठ्या आवाजात सांगितलं होतं, की सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. महाराष्ट्रात अशोकाच्या चौदा लेखांपैकी काही सापडलं असेल तर ते इथेच. ते खरं आहे, पण शिलालेख तिथे नाही! वाचून गेलो, नीट वाचून गेलो नाही. पोरं सगळ्या आवारात दगड शोधत फिरली. ज्या आजींमुळे ही सहल निघाली त्या काठी टेकत सगळ्या बाजूंनी फिरल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आपल्या राजाचा दगड कुठं हाय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा कळलं. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलालांनाच १८८२ साली भाटेळा तळ्याजवळ सापडला. नवव्या लेखाचा तुकडा सापडला जवळच्या भुईगावात, १९५६ साली. होय, १९५६! ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी कोकणच्या मातीतून अशोकाचा दगड वर आला. यात चमत्कार काही नाही, आपण चमत्कार मानत नाही. पण योग आठवणीत ठेवण्यासारखा आहे. दोन्ही दगड आज मुंबईला आहेत.

त्या दिवशी दगड नव्हता तरी त्यावरचा मजकूर आम्ही कागदावर उतरवून नेला होता. स्तूपापुढे बसून वंदना घेतली आणि आठव्या लेखाचा अर्थ वाचून दाखवला. आपल्या तुकड्यावर मोजकेच शब्द उरले आहेत, पण पूर्ण लेख गिरनारला आणि कालसीला आहे. त्यात अशोक सांगतो ते आमच्या शब्दांत असं : पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. विहार म्हणजे इथे आपला बुद्धविहार नव्हे. विहार म्हणजे मौजेची भटकंती, शिकार, करमणूक. मी राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो. तेव्हापासून माझी धम्मयात्रा सुरू झाली. तीत काय करतो? श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, म्हाताऱ्या माणसांची भेट आणि त्यांना मदत, खेड्यापाड्यातल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माची बोलणी. आणि यात मला जास्त आनंद मिळतो.

साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा सहलीवरचा लेख! जो मुलगा मीटिंगमध्ये "त्यात पण भाषण?" म्हणाला होता तोच म्हणाला, "काका, यात देऊळ बघा, इमारत बघा असं कुठं लिहिलेलंच नाय. माणसंच बघायला सांगितलीत." आम्ही हा लेख किती वर्षं वाचत होतो, आम्हाला हे दिसलं नव्हतं.

मग तिथल्याच एका वयस्क गृहस्थांशी मंडळींनी बोलणं काढलं. त्यांनी लहानपणच्या वाड्या, भातशेती, तळी यांच्या गोष्टी सांगितल्या. पोरं त्यांच्याभोवती तासभर बसली. चक्रेश्वर तळ्याकडे त्यांनीच वाट दाखवली, तिथे जुन्या मूर्ती ठेवलेल्या आहेत. भाटेळा तळ्यापर्यंतही गेलो. दुपारी राजोडीला पोचलो तेव्हा ऊन फार होतं, पण समुद्र बघून सगळे खूश. जेवण, क्रिकेट, गाणी. हा भाग विहारयात्रेचा, तोही छान झाला, त्यावर जास्त लिहीत नाही.

पण आजींचा दगड राहिला होता. महिन्याभराने एका रविवारी आम्ही दहा-बाराजण लोकलने मुंबईला गेलो, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, ज्याला आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. नवव्या लेखाचा काळा दगड पाहिला. फुटलेला, अक्षरं बारीक आणि सरळ. आम्ही कागद बनवणारी माणसं. आमच्या मिलचा कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून तुटतो. इथे दगड तुटला तरी अक्षर शाबूत.

नवव्या लेखाचा अर्थ आम्ही तिथेच हळू आवाजात सांगितला. लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलं करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल धम्माचं : दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं, गुरूंचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. दास आणि नोकर यांचं नाव पहिलं! आम्ही इतकी वर्षं मिलमध्ये काढली, किती मालकांनी मशीनची पूजा घातली आणि किती बोनस बुडवले, ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. आठ तास मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला बसायला स्टूल द्या, हे साधं मंगल अजून पुष्कळ ठिकाणी होत नाही.

त्याच लेखात अशोक म्हणतो की बायका असली क्षुल्लक मंगलं फार करतात. आम्ही हे वाक्य जरा घाईने उरकायला गेलो, पण ताईंनी पकडलं. "प्रवासाला निघताना नारळ कुणी फोडला होता? बाई होती काय ड्रायव्हर?" सगळे हसले, गार्डने आमच्याकडे वळून पाहिलं. अशोकाचा मान राखूनही ताईंचं म्हणणं आम्हाला पटलं.

आजी काचेजवळ बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही, ब्राह्मी काय आणि मराठी काय. त्यांनी फक्त विचारलं, "यातलं 'नोकर' कुठलं?" तुटलेल्या दगडावर तो शब्द नेमका कुठे ते आम्हाला बोटाने दाखवता आलं नाही. आता त्या लिपीचा तक्ता आणून आमच्या दर रविवारच्या मुलांच्या वर्गात लावला आहे. चार मुलांना आपापलं नाव ब्राह्मीत लिहिता येतं. आम्हाला अजून अडखळत येतं.

यंदाची सहल कार्ल्याला ठरली आहे, सोपाऱ्याच्या सातिमित भाणकाचा खांब शोधून त्यावरचा लेख मुलांनी स्वत: वाचायचा. वर्गणी महिला मंडळाकडे जमा करावी. डबा ज्याचा त्याने आणावा, पाणी मात्र सर्वांसाठी विहाराकडून. ड्रायव्हर तोच आहे. नारळ त्याने आणला तर त्याच्याशी कुणी भांडू नये. ताईंनी चटणीसाठी मिरच्या घेण्याचं कबूल केलं आहे.